पुसलेल्या काचा

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, धुलाईघराला लागून असलेल्या खोलीत, एकाच खुर्चीवर सत्तावीस वर्षे बसलेल्या एका बाईंना सगळे ठिपकेबाई म्हणत. कागदावरचे त्यांचे पद होते पेशीतंत्रज्ञ. पण तो शब्द नेमणुकीच्या पत्राबाहेर कुणी उच्चारलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

काम सांगायला सोपे होते. बायकांच्या गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशी काचेच्या पट्टीवर पसरून, रंगवून त्यांच्यापुढे येत. सूक्ष्मदर्शकाखाली काचेचा कोपरान्‌कोपरा पाहायचा आणि एखादी पेशी फुगलेली, वेडीवाकडी, आतून काळवंडलेली दिसली की तिच्याशेजारी काचेवर बारीक काळ्या पेनाने एक ठिपका द्यायचा. ठिपक्याची काच वर मोठ्या डॉक्टरांकडे जाई. बिनठिपक्याची काच कपाटात जाई आणि त्या बाईला ‘दोष आढळला नाही’ असा कागद मिळे. शंभरांत चार-पाच काचांना ठिपका पडे. उरलेल्या पंचाण्णव काचा पाहताना लक्ष ढळू न देणे ही त्या कामातली खरी विद्या, आणि जिच्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही अशा विद्यांमध्ये तिचा क्रमांक बराच वरचा लागावा.

खोलीत दुसरा माणूस एकच होता. काचा रंगवून देणारा. त्याची बोटे बारा महिने जांभळी असत आणि त्याला सगळे रंगारी म्हणत. रंगारी बोले; ठिपकेबाई बघत. अशी त्या दोघांची वाटणी होती, आणि बरीच वर्षे ती सुखाने चालली होती.

दोन वर्षांपूर्वी एका कंपनीने रुग्णालयाला एक यंत्र देऊ केले. ते यंत्र काचा पाहणार होते. त्याला शिकवण्यासाठी कपाटातल्या सहा हजार जुन्या काचा हव्या होत्या. कोणती काच रोगाची, कोणती निर्दोष, हे आधी सांगायचे आणि त्यावरून यंत्राने आपले आपण शिकायचे. त्यासाठी मोठे डॉक्टर स्वतः खाली आले होते. मोठे डॉक्टर तळमजल्यावर येणे ही घटना वर्षातून एखाद्या वेळी घडे, म्हणून रंगाऱ्याने स्टूल पुसून पुढे केले. डॉक्टर बसले नाहीत.

“बाई, यंत्राला तुमचे ठिपके दिसता कामा नयेत,” ते म्हणाले. “ठिपका बघून उत्तर दिलं तर ते कॉपी करून पास झाल्यासारखं. तेवढे ठिपके पुसून द्या.”

ठिपके होते तेराशे काचांवर. ठिपकेबाईंनी चार महिने, जेवणाच्या सुट्टीत, स्पिरिटमध्ये बुडवलेले फडके अंगठ्याला गुंडाळून, एकेक काच पुसली. त्या डावऱ्या होत्या. उजव्या हातात काच धरायची आणि डाव्या अंगठ्याने खालच्या कोपऱ्यातून वर, थोडे वळवून पुसत न्यायचे, ही त्यांची लकब. ज्या काचांवर ठिपका नव्हता त्यांना त्यांनी हात लावला नाही. स्वच्छ काच कोण पुसतो? शिवाय निर्दोष काच विनाकारण हाताळू नये, हाताळली की ओरखडा पडतो, हा त्या खोलीचा जुना दंडक होता, आणि तो याच मोठ्या डॉक्टरांच्या आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी घालून दिला होता. शंभर काचांची एक पेटी भरली की तिच्यासोबत एक छापील कागद जाई: ‘या पेटीतील सर्व काचा स्वच्छ करण्यात आल्या आहेत.’ त्याखाली ठिपकेबाई सही करत. अशा साठ सह्या त्यांनी केल्या.

यंत्र शिकले. त्याच सहा हजारांपैकी बाजूला काढून ठेवलेल्या हजार काचांवर त्याची परीक्षा झाली आणि त्याला शंभरांत अठ्ठ्याण्णव गुण मिळाले. इतके गुण मिळालेल्याला लगेच नोकरी मिळते, तशी त्यालाही मिळाली. येत्या पहिल्या तारखेपासून काचा यंत्रात जाणार होत्या. यंत्र जिला संशयास्पद म्हणेल ती मोठे डॉक्टर पाहणार. जिला निर्दोष म्हणेल ती कुणीच पाहणार नव्हते. कागद आपोआप छापला जाणार होता. ठिपकेबाईंनी काचा यंत्रात भरायच्या आणि काढायच्या.

पहिल्या तारखेला दहा दिवस उरले असताना, आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या परिषदेला त्यांनीही यावे, असा निरोप वरून आला. निरोपात पुढे असेही होते की प्रदर्शनासाठी चाळीस काचांची पेटी सोबत आणावी. म्हणजे परिषदेला जायचे होते ते पेटीने, बाई तिच्यासोबत.

“कोंबडीला बोलावलंय,” रंगारी म्हणाला, “कशात शिजवून घेतेस, असं विचारायला.”

“तुम्हाला कुणी बोलावलं नाही म्हणून पोटात दुखतंय.”

“मला कशाला बोलावतील? रंगवायचं यंत्र पुढल्या वर्षी येतंय. तुमच्यानंतर माझी पाळी, रांग मोडायची नाही.” मग तो म्हणाला, “जेवण चांगलं असेल हो. पोटभर जेवा. नाहीतर याल बिस्किटं खाऊन, सवयीनं.”

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. पाय बुडेल असा गालिचा, खिडकी एकही नाही, आणि थंडी इतकी की यंत्रांच्या परिषदेत माणसांनी आपण पाहुणे आहोत हे विसरू नये. दारापाशी एका टेबलावर गळ्यात घालायच्या पट्ट्या मांडून ठेवल्या होत्या. मोठ्या डॉक्टरांच्या पट्टीवर ‘वक्ते’ असे होते. ठिपकेबाईंच्या पट्टीवर ‘सहाय्यक’. सत्तावीस वर्षांत त्या कुणाच्या सहाय्यक नव्हत्या. त्यांना स्वतःलाच कुणी सहाय्यक मिळाला नव्हता. पण टेबलामागची मुलगी घाईत होती आणि मागे रांग होती. त्यांनी पट्टी गळ्यात घातली. एक कापडी पिशवी मिळाली. तिच्यात एक पेन, एक वही आणि वहीच्या प्रत्येक पानावर वरच्या बाजूला छापलेले एक वाक्य: ‘उद्याची दृष्टी, आजच.’

पहिले वक्ते म्हणाले की हे तंत्रज्ञान माणसाला कंटाळवाण्या कामातून मुक्त करील. ठिपकेबाई मागून तिसऱ्या रांगेत, पेटी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आपले काम कंटाळवाणे आहे हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी कळवले नव्हते. त्यांना काचा वेगवेगळ्या दिसत. काही काचांवर पेशी पानगळीसारख्या पसरलेल्या असत, काहींवर गर्दी करून एका कोपऱ्यात बसलेल्या. कुठल्या वॉर्डातली परिचारिका हलक्या हाताची आणि कुठली घाईची, हेही त्यांना काच पाहून कळे. दुसऱ्या वक्त्यांनी सांगितले की माणूस दमतो, यंत्र दमत नाही. तिसऱ्यांनी तेच सांगितले, पण चित्रे दाखवून. ज्यांनी आयुष्यात एकही काच डोळ्याखालून घातली नव्हती ते सगळे डोळ्यांविषयी बोलत होते. उंटावरून शेळ्या हाकायला उंट तरी लागतो. इथे नुसते व्यासपीठ पुरत होते.

जेवणापूर्वीच्या सत्रात मोठे डॉक्टर बोलायला उभे राहिले. ते बोलत चांगले. सहा हजार काचा, शंभरांत अठ्ठ्याण्णव, पहिल्या तारखेचा आरंभ, हे सगळे त्यांनी न अडखळता सांगितले. रुग्णालयाचे संचालक पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. मग डॉक्टर म्हणाले, “आता एक गंमत दाखवतो. निर्णय घेताना यंत्र काचेवर नेमकं कुठं बघतं, ते आपल्याला रंगात पाहता येतं.”

भिंतीएवढ्या पडद्यावर एक काच आली. यंत्राचे लक्ष जिथे होते तिथे लाल रंग भरला होता. ठिपकेबाईंनी आधी पेशी शोधल्या, सवयीने. त्या मध्यभागी होत्या, दहा-बारा, स्पष्ट रोगट. दुरूनही ओळखता आल्या असत्या. त्यांच्यावर लाल रंग नव्हता. लाल रंग डाव्या खालच्या कोपऱ्यातून निघून वर गेला होता आणि वर जाता जाता थोडा वळला होता.

दुसरी काच आली. पेशी उजवीकडे, लाल रंग डावीकडे, खालून वर, थोडा वळलेला. तिसरीही तशीच.

“बघा,” डॉक्टर म्हणाले, “पेशींवर ते बघतच नाही. पेशींच्या पलीकडचं काहीतरी त्याला कळतंय, जे माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. हेच या बुद्धिमत्तेचं बलस्थान.”

टाळ्या झाल्या.

आपल्या हाताचे वळण माणूस कुठेही ओळखतो. ठिपकेबाईंनी ते भिंतीएवढे पाहिले. स्पिरिटच्या फडक्याने मागे ठेवलेली, वाळल्यावर पुसटशी धुरकट दिसणारी, त्यांच्या डाव्या अंगठ्याची रेघ. ती रेघ रोगाच्या काचांवर होती, कारण ठिपके तिथेच होते. निर्दोष काचांवर नव्हती, कारण त्या कुणी पुसल्याच नव्हत्या. यंत्र रोग शिकलेच नव्हते. कोणती काच पुसलेली आहे, एवढेच ते शिकले होते. आणि पहिल्या तारखेपासून यंत्रात जाणाऱ्या ताज्या काचा कुणीही पुसलेल्या नसणार होत्या. त्या सगळ्या निर्दोष निघणार होत्या. शंभरांतल्या त्या चार-पाच जणीसुद्धा. त्यांच्या हातात कागद पडणार होता, त्या तो नीट घडी घालून ठेवणार होत्या, आणि त्यांची काच कधीच कुणी पाहणार नव्हते.

हे कळल्यावर छातीत धस्स व्हायला हवे होते. तसे काही झाले नाही. हात थंड होते. पण ते सकाळपासूनच थंड होते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी हात वर केला. ध्वनिवर्धक घेऊन फिरणाऱ्या मुलीने त्यांच्या गळ्यातली पट्टी वाचली आणि ती पुढच्या माणसाकडे गेली. त्या माणसाने प्रश्न न विचारता स्वतःच्या संस्थेची माहिती दिली. मग वेळ संपला. सगळे जेवायला उठले. ठिपकेबाईंनी पेटी उचलली आणि त्या प्रदर्शनाच्या दालनात गेल्या.

तिथे यंत्र होते. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढे, पांढरे, आवाज न करणारे. त्यामागे कंपनीचा माणूस उभा होता, तिशीतला, हसरा. सकाळपासून हसून त्याचे गाल दुखत असावेत.

“या मॅडम, काचा आणल्यात ना? घाला तुम्हीच. चाळीस सेकंदांत उत्तर.”

त्यांनी पेटीतून एक काच काढली. निर्दोष काच, कपाटातून तशीच आणलेली. पडद्यावर आले: निर्दोष, नव्याण्णव टक्के.

“बघितलंत?” तो म्हणाला.

“ते स्पिरिट आणि कापूस जरा देता का?”

यंत्राची भिंगे पुसायला ठेवलेली बाटली त्याने आनंदाने पुढे केली. ठिपकेबाईंनी कापूस अंगठ्याला गुंडाळला, तीच काच उजव्या हातात धरली आणि डाव्या कोपऱ्यातून वर, थोडे वळवून, पुसली. वाळू दिली. पुन्हा घातली.

संशयास्पद, शहाण्णव टक्के.

“ओली राहिली असेल,” तो म्हणाला.

“हात लावून बघा.”

त्याने बोट लावून पाहिले. मग स्वतः काच घातली. शहाण्णव टक्के. ठिपकेबाईंनी दुसरी निर्दोष काच काढली. आधी निर्दोष, पुसल्यावर संशयास्पद. तिसरी, तेच. तो हसायचा थांबला होता. त्याचे गाल आता बरे दिसत होते.

“आता ही,” त्या म्हणाल्या.

पेटीत एक काच अशी होती जिच्यावर ठिपका कधी दिलाच नव्हता. रोग काठोकाठ भरला होता. कुठे कुठे ठिपका द्यायचा? तीन वर्षांपूर्वी ती त्यांनी नुसतीच हातात धरून जिना चढून वर नेली होती. त्या बाईचे पुढे काय झाले ते त्यांना ठाऊक नव्हते. खालच्या मजल्यावर काचा येतात, बातम्या येत नाहीत. ठिपका नव्हता, म्हणून ती पुसलीही नव्हती.

निर्दोष, अठ्ठ्याण्णव टक्के.

“ही निर्दोष नाही?” त्याने हळूच विचारले.

“भिंगानंसुद्धा दिसेल. तुमच्याकडं भिंग आहे का साधं?”

“मॅडम,” तो आजूबाजूला बघत म्हणाला, “हे एवढ्यात कुणाला बोलू नका हां. म्हणजे, लपवायचं म्हणून नाही. आमच्या वरच्या साहेबांशी बोलतो आधी.”

“बोला की. मला कुठं घाई आहे? पहिली तारीख आठ दिवसांवर आहे, तिलाच घाई आहे.”

त्याने वरच्या साहेबांना फोन लावला. वरच्या साहेबांनी मोठ्या डॉक्टरांना लावला असावा, कारण दहाव्या मिनिटाला मोठे डॉक्टर हात पुसत आले आणि ठिपकेबाईंना दालनाच्या मागच्या बोळात घेऊन गेले. तिथे एकावर एक रचलेल्या खुर्च्या होत्या आणि उघड्या दारातून भांड्यांचा आवाज येत होता.

“काय तमाशा लावलाय, बाई?”

त्यांनी सांगितले. चार वाक्यांत सांगून झाले. डॉक्टर हुशार होते; तिसऱ्या वाक्यालाच त्यांना समजले, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. चौथे वाक्य संपेपर्यंत त्यांनी चेहरा बदललाही होता.

“सर्व काचा स्वच्छ केल्या, अशी सही कुणाची आहे?”

“माझी.”

“मग?”

“तुम्ही म्हणाला होतात, तेवढे ठिपके पुसा.”

“ते लिहिलेलं आहे कुठं?”

ते कुठेच लिहिलेले नव्हते. मोठे लोक बोलतात आणि लहान लोक सही करतात. जगातल्या सगळ्या कचेऱ्या याच एका नियमावर उभ्या आहेत.

“आज तीनशे लोकांसमोर मी बोललोय,” डॉक्टर म्हणाले. आवाज खाली आला होता. “संचालकांनी तारीख जाहीर केलीय. आता व्यासपीठावर जाऊन काय सांगू? दोन वर्षं यंत्र फडक्याची रेघ वाचत होतं आणि मी तिला बुद्धिमत्ता म्हणत होतो? हसतील लोक, बाई. थोडे दिवस चालू दे. आपण हळूहळू दुरुस्त करू.”

“हळूहळू म्हणजे किती काचा, सर?”

आतून कुणीतरी “अरे, चमचे कुठं गेले?” असे ओरडत होते.

ठिपकेबाईंनी मनात हिशेब मांडला. त्या खरे ते सांगत बसल्या तर डॉक्टर ते नाकारतील. चौकशी बसेल, चौकशी महिनोन्‌महिने चालेल, आणि तोवर यंत्र चालू राहील. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त बाहेर पडायला दार हवे होते, आणि त्या दारातून दोघे एकदम जाऊ शकणार नव्हते.

“असं सांगा,” त्या म्हणाल्या, “की यंत्र चांगलं आहे. तुमचा अभ्यासही चांगला आहे. काचा तयार करण्यात तंत्रज्ञानं हलगर्जीपणा केला. सूचना सगळ्या काचा पुसायची होती, बाईनं अर्धवट कामावर सही ठोकली. म्हणून काचा नव्यानं तयार करेपर्यंत आरंभ पुढं ढकलला. मी लिहून देते तसं.”

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत इतका वेळ त्यांनी या बाईंकडे पाहिले नव्हते.

“याचे परिणाम होतील, बाई. मला काहीतरी कारवाई करावीच लागेल.”

“करा. पण ज्या काचेला यंत्र निर्दोष म्हणेल तीसुद्धा माणसानं पाहिल्याशिवाय कागद द्यायचा नाही, एवढं तुम्ही लिहून द्या. मग मी माझं लिहिते.”

“तुम्ही लिहा, मी देतो ना.”

“आधी तुम्ही,” ठिपकेबाई म्हणाल्या. “लिहिलेलं नसतं ते घडलेलंच नसतं, सर. आत्ताच कळलं.”

कागद शोधायला नको होता. पिशवीत वही होती. रचलेल्या खुर्च्यांवर वही टेकवून डॉक्टरांनी तीन ओळी लिहिल्या आणि सही केली. ठिपकेबाईंनी त्या दोनदा वाचल्या, पान फाडून घेतले, घडी घालून पर्समध्ये ठेवले. मग पुढच्या पानावर, छापलेल्या ‘उद्याची दृष्टी, आजच’च्या खाली, स्वच्छ वळणदार अक्षरात त्यांनी आपला दोष लिहिला. डॉक्टरांनी ते घेताना “अं, तुम्ही जेवलात का?” असे विचारले. जेवण संपले होते. चहाबरोबर बिस्किटे होती.

समारोपाला सगळ्यांना प्रशस्तिपत्रे मिळाली. ठिपकेबाईंनी ‘उल्लेखनीय सहभाग’ घेतल्याचे त्यांच्या पत्रावर छापले होते. तेच सगळ्यांच्या पत्रावर छापले होते.

घरी नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीतर्फे घरोघरी जाऊन मीटर वाचत असे; स्वतःच आकडे पाठवणारे मीटर आले तेव्हापासून कचेरीतच बसे, आणि आपण काय करतो असे कुणी विचारले की “उपस्थित असतो” म्हणे.

“काय शिकवलं मग?” त्याने विचारले.

तिने चहा टाकता टाकता सांगितले. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवले.

“तुझं डोकं ठिकाणावर आहे? सांगितलं त्यांनी, चुकले ते, आणि खापर तू आपल्या हातानं आपल्या डोक्यावर फोडून घेतलंस?”

“कुठंतरी फुटायलाच हवं होतं. नाहीतर त्यांनी ते मांडीवर घेऊन जपलं असतं.”

“अगं, पण वर्तमानपत्रात देता आलं असतं. वर तक्रार करता आली असती.”

“कितव्या तारखेपर्यंत?”

त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाला, “तुला राग नाही येत?”

दात काढून आल्यावर माणूस आपल्याच ओठाला बोट लावून पाहतो आणि तो दुसऱ्या कुणाचा तरी वाटतो, तसे तिने आत चाचपून पाहिले. राग असायला हवा होता ती जागा तिला सापडली. तिथे काही लागत नव्हते.

“साखर दे,” ती म्हणाली.

पहिल्या तारखेला यंत्र चालू झाले नाही. सूचनाफलकावर ‘तांत्रिक कारणास्तव’ असा कागद लागला. काचा पाहण्यासाठी बाहेरून दोन माणसे आणण्यात आली, दोघेही शिकलेले आणि बरे डोळे असलेले. ठिपकेबाईंना कामातील निष्काळजीपणाबद्दल लेखी ताकीद मिळाली आणि त्यांची बदली पहिल्या मजल्यावर, नमुने स्वीकारण्याच्या खिडकीवर झाली. जाताना रंगाऱ्याने त्यांची खुर्ची जिन्यापर्यंत उचलून आणली. तिथे कळले की खिडकीपाशी खुर्ची नाही, उंच स्टूल आहे. मग ती त्याने पुन्हा खाली नेली.

“जेवलात का तरी तिथं?” एवढेच त्याने जाता जाता विचारले.

“बिस्किटं,” त्या म्हणाल्या.

“वाटलंच मला.”

मोठ्या डॉक्टरांनी त्या वर्षाच्या शेवटी आणखी एका परिषदेत व्याख्यान दिले. विषय होता ‘नमुन्यांच्या शुद्धतेचे महत्त्व’. त्यात एका तंत्रज्ञाच्या चुकीचा उल्लेख होता, आणि तो फार गाजला, असे ऐकिवात आले.

खिडकीवरचे काम म्हणजे डबी घ्यायची, नंबर चिकटवायचा, पावती द्यायची. माणसे पाहता येत होती, एवढे नवीन होते. काचेवर ज्या बायका सत्तावीस वर्षे येत राहिल्या त्या आता समोर उभ्या राहत. पिशव्या सांभाळत, सुटे पैसे शोधत, कुणाशी तरी फोनवर भांडत. ठिपकेबाई त्यांच्याकडे पाहत आणि त्यांना काही कळत नसे.

एका दुपारी चाळिशीची एक बाई पावती घेऊनही खिडकीतून हलेना.

“रिपोर्ट कधी?”

“आठ दिवसांनी.”

“आठ दिवस? अहो, यंत्र आलंय म्हणे तुमच्याकडं. माझ्या जावेला सांगितलं होतं, त्याच दिवशी मिळेल म्हणून.”

“यंत्र बंद आहे.”

“का पण?”

“माणसं बघतात काचा. त्यांना वेळ लागतो.”

“माणसं!” ती बाई मागच्या रांगेकडे वळून म्हणाली. “जग कुठं चाललंय, आणि इथं अजून माणसं बघतात. हात हलवायला नकोत ना तुम्हा लोकांना. बसून खायची सवय लागलीय. यंत्र आलं असतं तर या खिडकीतून आधी तुम्ही गेला असता, म्हणून बंद पाडलं असेल मेल्यांनी.”

रांगेतली दोघे-तिघे हसली. एक म्हणाला, “खरं आहे.”

ठिपकेबाईंनी तिचा नंबर वहीत पुन्हा एकदा तपासला. बरोबर होता. डबीवरचा कागद एका कोपऱ्याला सुटला होता; तो त्यांनी अंगठ्याने दाबून चिकटवला.

“आठ दिवसांनी या,” त्या म्हणाल्या. “पावती आणा.”

मग त्यांनी पुढच्या बाईकडे हात केला.